ही ओळ बदलू नये

३ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

हा नमस्कार पोचेपर्यंत तीन दिवस शिळा होणार, पण इलाज नाही. फोन म्हणजे वेळेचा चोर म्हणून तुम्ही तो उचलत नाही, आणि निवृत्त झाल्या दिवसापासून कॉम्प्युटरचं तोंड बघायचं नाही ही तुमची प्रतिज्ञा. तेव्हा कागद आणि मी.

अंधांच्या बोलत्या वाचनालयात तुमच्या खुर्चीवर बसून मला आज आठ दिवस झाले. खुर्ची अजून डावीकडे कलते. काचेच्या खोलीत तुमचं जुनं मशीन घरघरतंय. तुम्ही गेल्यावर दोन वर्षं त्याला कोणी हातही लावला नव्हता म्हणे, तरी श्रोते फोन करत होते आणि ते पुस्तकं ऐकवत होतं. व्यवस्थापक बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की अठ्ठावीस तारखेला नवीन मशीन सुरू होणार, जुनं भंगारात. तोवर सगळी ध्वनिमुद्रणं मी नव्यात न्यायची, आणि कोणती सर्व्हिस, म्हणजे मशीनच्या आत एकेक काम सांभाळणारा प्रोग्राम, कधी उठेल, पडली तर काय करायचं, हे सगळं नव्याने लिहायचं. मी ऐटीत मान डोलावली आणि घरी येऊन घाबरले.

काल मशीन एकदा बंद करून चालू करावं लागलं. मामा, मी ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिलं. एकेचाळीस सर्व्हिसेस! आधी डिस्क तपासणारी. ती ‘झालं’ म्हणेपर्यंत बाकीच्या चिडीचूप. मग ‘आठवण’ उठली, म्हणजे कोणता श्रोता कोणत्या पुस्तकात कुठे थांबला होता ते लक्षात ठेवणारी. ती उठल्याशिवाय पुस्तक ऐकवणारी ‘वाचक’ उठत नाही, आणि वाचक उठल्याशिवाय ‘टेलिफोन’ कोणाचा फोन घेत नाही. कोणी रांग मोडली नाही, कोणी कोणाला ढकललं नाही. बावन्न सेकंदांत सगळ्या आपापल्या कामाला लागल्या आणि पडद्यावर बघण्यासारखं काही उरलं नाही. लगेच एका आजींचा फोन आला, आणि त्यांचं पुस्तक काल थांबलं होतं त्याच शब्दापासून सुरू झालं. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरात बाबा आणि मी अशी दोनच माणसं, तरी सकाळी न्हाणीघराच्या दारात रोज टक्कर होते.

मग तुमच्या फाइल्स उघडल्या. सगळ्या लख्ख, ओळीओळीवर कारण लिहिलेलं. फक्त ‘वाचक’च्या फाइलमध्ये एक ओळ विचित्र आहे: पडली तर पाच सेकंदांनी पुन्हा उठव, कितीही वेळा पडो, कोणाला कळवू नको. तिच्यावर तुम्ही लिहिलंय, “ही ओळ बदलू नये. कारण विचारू नये.”

मी तुमचीच भाची. विचारतेय.

चिमणी


८ फेब्रुवारी

चिमणे,

कारण विचारू नये असं लिहिलं की माणूस तेच आधी विचारतो, हे मला नऊ वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

एकेचाळीस नाही, बेचाळीस. घड्याळाची सर्व्हिस सगळ्यांच्या आधी उठते आणि पडद्यावर तोंड उघडत नाही, म्हणून तू ती मोजली नाहीस. पण तिच्यावाचून कोणालाच कळणार नाही की आपण आधी आलो की नंतर.

तू अंगावर काटा आला म्हणालीस, बरं वाटलं. मी ते उठणं शेकडो वेळा पाहिलं असेल. दर वेळी उभं राहून पाहिलं. बसून बघायची हिंमत झाली नाही. तुझी मामी म्हणायची, यंत्राला कसला मान देता? तिला काय सांगू! लोक विचारतात की सर्व्हिस काय करते. विचारायचं असतं ते हे, की ती कोणाची वाट बघते. ते एकदा लिहून काढलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं पडण्याचं. नव्यातही त्या पडणारच. जो चालतो तो पडतो. सुरुवातीला मी पडल्या क्षणी उठव असं लिहिलं होतं, तर वाचक एका मिनिटात शंभरदा पडली आणि मशीन तापून लाल झालं. तेव्हा शहाणा झालो. पडलेल्याला आधी श्वास घेऊ द्यावा. पाच सेकंद पुरतात.

त्या ओळीचं म्हणशील तर ती जुन्या मशीनची खोड आहे, दुसरं काही नाही. आहे तशी नव्यात उतरवून घे आणि मोकळी हो. दाजी कसे आहेत? शिवणकाम झेपतंय ना? त्यांच्यापाशी या यंत्राच्या गोष्टी काढत बसू नको, त्यांना कंटाळा येतो.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

जुन्या मशीनची खोड म्हणे! खोडीला कधी वेळापत्रक असतं का?

मी नऊ वर्षांच्या नोंदी चाळल्या. मशीन सगळं लिहून ठेवत होतं, वाचणारं कोणी नव्हतं. ‘वाचक’ या नऊ वर्षांत दोन हजार सातशे एक्याण्णव वेळा पडली आहे. आणि तेवढ्याच वेळा उठली आहे. आकडा तीनदा तपासला. रोज दुपारी चार एकवीसला, एखादं मिनिट इकडे-तिकडे. सोमवारी कधीच नाही. सहा वर्षांपूर्वी एकदा सलग अकरा दिवस नाही. बाकी ऊन असो, पाऊस असो, चार एकवीसला पडली की पाच सेकंदांनी उभी. त्या वेळी जे जे फोनवर असतील त्यांचं पुस्तक तेवढा वेळ थांबतं, आणि ‘आठवण’ त्यांना नेमक्या शब्दावर परत आणते. एका नेहमीच्या श्रोत्या आजोबांना विचारलं, तर म्हणाले, “अहो, वाचणाऱ्या बाई त्या वेळी पाणी पितात ना!” नऊ वर्षांत एक तक्रार नाही. कोणालाच पत्ता नाही, मामा, आणि ती आपली पडतेय, उठतेय, पडतेय, उठतेय.

कारणही सापडलं. रोज चार दहाला श्रोता क्रमांक एक फोन करतो. पुस्तक मागतो एकच, क्रमांक १४७, पक्ष्यांच्या प्रवासाचं. अकरा मिनिटं ऐकतो. तिथे ध्वनिमुद्रणात एक तुकडा नासलेला आहे, तो आला की वाचक कोसळते. बाकीचे पुढे ऐकू लागतात, त्याचा फोन मात्र तुटतो, कारण क्रमांक एकपुढे तुम्ही लिहिलंय, “याची आठवण ठेवू नये.” म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचं पुन्हा पहिल्या शब्दापासून. मशीनमध्ये नावं नसतातच, आणि कागदी यादीत पहिल्या क्रमांकापुढे फक्त ‘चाचणी’ एवढंच आहे.

मी १४७ ऐकलं. मुठीत मावेल एवढा पक्षी अख्खा समुद्र ओलांडतो, मध्ये कुठेही न टेकता. “आणि पलीकडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर तो पहिल्यांदा...” इथेच घोडं अडतं. पहिल्यांदा काय करतो? मूळ पुस्तक शोधलं तर कपाटात नाही. वाचणारी बाई गोड वाचते, पण घाई केवढी! गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी.

व्यवस्थापक बाईंना सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे. नव्या मशीनवर सर्व्हिस पडली की मुख्य कार्यालयाला लगेच कळणार, आणि जे ध्वनिमुद्रण सर्व्हिस पाडतं ते नव्यात न्यायचं नाही. एकासाठी सगळ्यांनी का थांबावं? मला पटलं. १४७ मी वगळायच्या यादीत टाकलं. अठ्ठावीसला जुन्या मशीनबरोबर तेही जाईल.

चिमणी


१६ फेब्रुवारी

चिमणे,

१४७ त्या यादीतून काढ. हे आधी कर, मग पुढचं वाच.

श्रोता क्रमांक एक म्हणजे मी. झालं समाधान? म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद लागतो, मला पक्ष्यांचा लागला. चारला चहा होतो, मग फोन लावतो आणि ऐकत बसतो. सोमवारी मामीबरोबर बाजारात जावं लागतं, म्हणून सोमवार नाही. ते अकरा दिवस कुठे होतो आठवत नाही, गेलो असेन कुठे परगावी. डोळस माणसाने अंधांचं पुस्तक ऐकायचं नाही हा नियम मीच केला होता आणि मीच मोडला. तुझ्या बाईंना सांग, काय ती शिक्षा मला करा, पण ते ध्वनिमुद्रण ठेवा. मी कधी कोणापाशी काही मागितलेलं नाही. हे मागतोय.

मामा

ता. क. चिमणे, मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. वेळेचा चोर वगैरे सगळं थोतांड. यांना तीन वर्षं फोनवर काही म्हणता काही ऐकू येत नाही. निवृत्तही त्यापायीच झाले. घंटा वाजवून वाजवून शेजारी परत जातात. पक्ष्यांचा नाद कसला, गॅलरीत कावळा ओरडला तरी मला खुणेने सांगावं लागतं! चारला चहा होतो एवढंच खरं. तू त्यांना बोलू नको, बहिरेपण लपवायला फार खपतात बिचारे. पण हे खोटं कोणासाठी बोलतायत ते शोध.


२० फेब्रुवारी

मामा,

तुम्ही श्रोता क्रमांक एक नाही. कसं कळलं ते विचारू नये.

परवा घरी जिना चढताना बाबांच्या दुकानाच्या शटरवरची पाटी दिसली. ‘सोमवारी बंद.’ जन्मापासून बघतेय ती पाटी. परवा वाचली. तशीच वर गेले आणि कपाटातून माझी दवाखान्याची फाईल काढली. सहा वर्षांपूर्वीचं माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन. नोंदीतले ते अकरा दिवस आणि फाईलवरचे अकरा दिवस, तारखांना तारखा जुळल्या. ते सगळे दिवस बाबा माझ्या खाटेशेजारी लोखंडी खुर्चीवर होते. माझं आजारपण तुमच्या मशीनने लिहून ठेवलं होतं, मामा, आणि त्याला ठाऊकही नव्हतं की ते माझं आहे. 

काल साडेतीनलाच निघाले. बाबा चारला शटर अर्ध्यावर ओढतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. डोळा लागतो त्यांचा, अशी सगळ्यांची समजूत, माझीही. मी वाकून आत गेले. शिलाई मशीनवर झाकण, सुया उशीत टोचलेल्या, कात्री मिटलेली. बाबा भिंतीवरच्या फोनपाशी उंच स्टुलावर बसले होते, माझ्याकडे पाठ, गळ्यात टेप. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला. इतकं शांत होतं की त्यातली बाई मला ऐकू येत होती. समुद्र, तो पक्षी, पलीकडचा किनारा. मग आवाज तुटला. बाबा हलले नाहीत. मी मनात मोजलं. पाच झाले आणि ते उठले. रिसीव्हर असा ठेवला की जरासुद्धा वाजला नाही. वळले, मला पाहिलं, म्हणाले, “आज लवकर?” मी म्हटलं, “हो.” आमच्याकडे याहून जास्त बोललं जात नाही, तुम्हाला माहीत आहे.

मी चोवीस वर्षांची झाले. घरात आईचा फोटो आहे, आवाज नाही. बाबांना विचारायचं धाडस होत नाही आणि न विचारता चैन पडत नाही. म्हणून तुम्हाला विचारते. ती घाईत वाचणारी बाई कोण आहे?

चिमणी


२३ फेब्रुवारी

चिमणे,

तुझी आई. माझी ताई.

तू दीड वर्षाची असताना ती गेली. त्याच्या आधीचे काही दिवस ती वाचनालयात थोडं थोडं वाचायला यायची. तेवढा वेळ दाजी तुला दुकानात कापडाच्या ढिगावर झोपवून काम करायचे. घाई त्याची होती. तू उठायच्या आत तिला घरी पोचायचं असायचं. ध्वनिमुद्रण मी करायचो. पहिलंच पुस्तक, तेही पुरं झालं नाही.

पुढे कितीतरी वर्षं त्या टेपला मी हात लावला नाही. नऊ वर्षांपूर्वी सगळ्या टेपा मशीनमध्ये उतरवल्या, तेव्हा तीही उतरवली. एका जागी घडी पडून टेप नासली होती. दाजींना फोनवर ऐकवलं. त्या जागी आलं, वाचक कोसळली, फोन तुटला. मी पुन्हा लावला आणि म्हटलं, दाजी, उद्यापर्यंत दुरुस्त करतो, घरी ऐकायलाच आणून देतो.  ते म्हणाले, “घरी नको. घरी आली तर मी दुकान उघडणार नाही आणि पोरीकडे बघणार नाही. रोज एकदा ऐकेन, तुटेल तिथपर्यंत. तुटू दे. तुटलं की मी उठेन.”

म्हणून ती ओळ. म्हणून क्रमांक एक, ज्याची आठवण ठेवली जात नाही आणि जो रोज पहिल्यापासून ऐकतो. मी आयुष्यभर नेटकं काम केलं. फक्त या एका ठिकाणी मुद्दाम पडू दिलं, आणि दाजी रोज उठतात की नाही ते नोंदीत बघत राहिलो. उठत होते. मला त्या माणसाचं नवल वाटत आलंय, तोंडावर कधी म्हणालो नाही.

तुला सांगू नये असं त्यांनी बजावलं होतं. “पोरीला अर्धी आई देऊ नको,” म्हणाले. ऐकलं, चुकलो असेन.

टेपा फेकल्या गेल्या. त्या जागेच्या पुढे काय आहे मला आठवत नाही, आणि आता ऐकायचं तर माझे कान... मामीने तुला कळवलंच असणार, ती पाकिटं उगीच चिकटवत नाही. पुस्तक माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, जुडग्यातली सगळ्यात बारकी किल्ली. आत निळा दोरा आहे, तिथे ती थांबली. मी ते उघडलेलं नाही.

आता मशीन तुझं. दुरुस्त केलंस तर तुटणार नाही, नाही केलंस तर अठ्ठावीसला जाईल. यातलं काय कर हे मी सांगणार नाही. दाजींना विचार.

मामा


२ मार्च

मामा,

विचारलं. बाबा एका कोटाला बाही जोडत होते. मी म्हटलं, “बाबा, १४७ जिथे तुटतं तिथे जोडता येईल. पाऊण सेकंदाचा नासका तुकडा कापायचा आणि दोन टोकं जुळवायची.” मला कसं कळलं हे त्यांनी विचारलं नाही. दोरा दातांनी तोडला. म्हणाले, “पुढे किती आहे?” मी म्हटलं, “मी ऐकलेलं नाही. तुमच्या आधी ऐकणार नाही.” बराच वेळ सुई ओवत राहिले, तिच्यात दोरा असताना. मग म्हणाले, “तेव्हा तू पंधराची होतीस. आता नाहीस. कर.”

व्यवस्थापक बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, जे सर्व्हिस पाडत नाही ते वगळायचं कारण नाही. आणि श्रोता क्रमांक एक? चष्मा पुसत म्हणाल्या, “चाचणी रोज कोणीतरी करायलाच हवी. शिंप्याचं काम नेमकं असतं.”

अठ्ठावीसला नवीन मशीन सुरू केलं. मीही उभं राहूनच पाहिलं. बाई का उठून उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नसावं. डिस्क, आठवण, वाचक, टेलिफोन, एकीने दुसरीची वाट बघत सगळ्या उठल्या. बेचाळीस! तोंड न उघडणारी धरून. मी मनातल्या मनात हात जोडले, तुम्हाला की मशीनला ते माहीत नाही.

चारला दुकानात गेले तर फोनपाशी दोन स्टुलं मांडलेली. रिसीव्हर दोघांच्या कानांमध्ये धरला. चार एकवीसला बाबांनी डोळे घट्ट मिटले. आणि तुटलं नाही, मामा. आई पुढे वाचत गेली. “...तो पहिल्यांदा पंख साफ करतो. खाणं नाही, झोप नाही, आधी पंख.” एवढंच होतं ते! पान उलटल्याचा आवाज आला. मग लांबून एक तरुण माणूस म्हणाला, “ताई, अजून अर्धं पान राहिलंय.” ते तुम्ही. किती कोवळा आवाज होता तुमचा! आणि आई हसली. म्हणाली, “ते तू वाच रे. माझी चिमणी उठली असेल.” खुर्ची सरकली, दार लागलं, संपलं.

तुम्ही सगळे मला चिमणी म्हणता. मी बारकी म्हणून म्हणता असं मला वाटायचं.

बाबा रडले. मीही. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली नाही. मग त्यांनी शटर पूर्ण वर ढकललं, बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांना म्हणाले, “ही माझी मुलगी.” ती दोघं मला लहानपणापासून ओळखतात.

नोंदी पाहिल्या. चार एकवीसला काहीच नाही. ती ओळ मी बदलली. आता वाचक पडली तर तीनदा उठेल, मग थांबेल आणि मला सांगेल. तुमची सूचना पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं, “कारण विचारलं.”

खण उघडला. निळा दोरा जागेवर आहे. उरलेलं अर्धं पान मी उद्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून वाचणार आहे, आईच्या पुढे जोडून. चार दहाला बाबा ऐकतील. तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणून ते या कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात उतरवलंय. मामीला शेजारी बसवून वाचा.

मी घाई करणार नाही, मामा. सावकाश वाचेन. चिमणी उठली आहे.